निळ्या धाग्याची पिशवी

१

ताज्या तांदळाचं पाणी हिरवं होतं, जुन्याचं नारिंगी. काचेच्या नळीत चिमूटभर दाणे घालायचे, वर औषधाचे थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि वाट बघायची. चाचणी इतकी सोपी आहे की शाळेतली पोरंही करतील. सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी पाच नळ्या हलवून ओळीत ठेवल्या. चार हिरव्या झाल्या. तीन नंबरची नारिंगी झाली.

कुठला नंबर कुठल्या गिरणीचा ते खरेदीदाराला माहीत नव्हतं, मला होतं. तीन नंबर चांथीचा होता.

मी क्षिप्रा. सिंगापूरमध्ये क्लेमेंटीला विद्यापीठाजवळ आमच्या संस्थेचं छोटं ऑफिस आहे, त्याला लागून एक चाचणीचं स्वयंपाकघर. गरीब देशांत तांदूळ उत्तम पिकतो, पण तो मोठ्या बाजारापर्यंत धड पोचत नाही. धान नीट वाळवलं जात नाही, गिरणीत दाणा तुटतो, पोत्यात ओल धरते. हे सुधारायला तिथल्या गिरण्यांना मदत करणं हे आमचं काम. चांथी कंबोडियातल्या एका सहकारी गिरणीची प्रमुख. सहाशे घरांचं धान तिच्याकडे येतं. इतकी वर्षं ते धान सीमेपलीकडे जायचं आणि तिकडे त्याचा तांदूळ होऊन दुसऱ्याच नावाने विकला जायचा. गेली तीन वर्षं चांथी, तिच्या गिरणीतल्या बायका आणि मी एकाच गोष्टीमागे लागलो होतो. तिच्या गिरणीच्या नावाने पिशवी निघाली पाहिजे आणि ती सिंगापूरच्या दुकानात दिसली पाहिजे.

त्याचा फैसला आज दुपारी तीन वाजता होता. मिस्टर क्वेक हे इथले जुने आयातदार, पाच गिरण्यांचा भात चाखून ते एक निवडणार होते. अट एकच होती. तांदूळ सुवासिक हवा आणि यंदाच्याच हंगामाचा हवा.

क्वेक माझ्या मागे येऊन कधी उभे राहिले ते मला कळलंच नाही. त्यांनी नारिंगी नळी उजेडात धरली, खिशातून पेन काढलं आणि तीन नंबरच्या कागदावर लिहिलं, 'जुना माल, नवा म्हणून दिला.'

"मिस क्षिप्रा, तीन वाजता मी याच्यावर सही करणार," ते म्हणाले. "मग ही गिरणी माझ्या यादीतून बाद. हे शहर लहान आहे. बाकीचे आयातदार मला विचारूनच घेतात."

"पाकीट कोणीतरी बदललं असेल."

"सील तुटलेलं नव्हतं," अश्विन म्हणाला. अश्विन हा क्वेकांचा माल तपासणारा माणूस, मूळचा ठाण्याचा, पंधरा वर्षं तांदळातच आहे. "शुक्रवारी मी स्वतः सील केलं. आज मीच फोडलं. सही माझीच आहे."

म्हणजे कुलूप शाबूत होतं आणि आतला ऐवज बदललेला होता. मी बाहेर जिन्यात गेले आणि उल्का आत्याला फोन लावला.

२

उल्का आत्या चौसष्ट वर्षांची आहे आणि यिशुनला एकटी राहते. तीस वर्षं तिने इथल्या बंदरावर तांदळाची जहाजं तपासली. पोत्यात पोकळ सळई खुपसून दाणे काढायचे, हुंगायचे, दाताखाली फोडायचे आणि समोरच्या कप्तानाला तो खोटं बोलतोय असं शांतपणे सांगायचं, हे तिचं काम होतं. निवृत्त झाली तरी सवय गेलेली नाही. लग्नाच्या जेवणातसुद्धा ती आधी भात हुंगते, त्यामुळे तिला बोलवायला लोक बिचकतात.

यिशुनहून जुरोंग ईस्ट, तिथे गाडी बदलून क्लेमेंटी. तासाभरात ती हजर झाली. आल्या आल्या तिने तीन नंबरच्या पाकिटातला एक दाणा दाताखाली फोडला.

"मागच्या वर्षीचा," ती म्हणाली. "पण साठवण उत्तम आहे. कीड नाही, ओल नाही. ज्याने हा ठेवलाय त्याला काम येतं. आता सांग, हा तांदूळ इथे आला कसा?"

मी सांगायला लागले. चांथी गुरुवारी विमानाने आली. तिच्याकडे दोन कापडी पिशव्या होत्या, दोन-दोन किलोच्या. लाल धाग्याच्या पिशवीत यंदाचा तांदूळ होता, स्पर्धेसाठी. निळ्या धाग्याच्या पिशवीत मागच्या वर्षीचा. तिच्याकडच्या नव्या हवाबंद पोत्यांत तांदूळ वर्षभर कसा राहतो हे बघायला तो मीच मागवला होता. पिशव्या देताना ती सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, लाल स्पर्धेचा, निळा ठेवून द्या. मग दोन्ही पिशव्या पँट्रीच्या कपाटात गेल्या.

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी अकराला अश्विनने पाचही पाकिटं भरली. स्पर्धकांना तेव्हा आत यायला बंदी असते. त्याने लाल धाग्याची पिशवी सोडली, एक किलो ताटात ओतला, नियमाप्रमाणे न तपासता पाकिटात भरला. मी बघत होते."

"म्हणजे पाकीट कोणी बदललं नाही. पाकिटात गेला तेव्हाच तो जुना होता." आत्याने मान हलवली. "मग दोनच शक्यता. एक तर चांथीनेच लाल पिशवीत जुना भरून आणला."

"ती असं करणार नाही."

"तुझं प्रेम पुरावा म्हणून चालत नाही गं. दुसरी शक्यता अशी की गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ या वेळात कोणीतरी पँट्रीत गडबड केली. गुरुवारी मागे कोण होतं?"

"मी सहाला चांथीला घेऊन हॉकर सेंटरला जेवायला गेले. ऑंग आंटी, आमचा स्वयंपाक बघतात त्या, पाचलाच घरी गेल्या होत्या. मागे अश्विन होता, त्याला सीलचं सामान लावायचं होतं. प्रबोध होता, आमचे गुणांचे तक्ते बनवतो तो. आणि तुन होता."

"तुन कोण?"

"म्यानमारच्या गिरणीचा एजंट, आपला नमुना द्यायला आला होता. पाकीट नंबर पाच." माझा आवाज चढला. "चांथीचा तांदूळ बाद झाला तर त्याचाच पहिला येणार, हे सगळ्यांना माहीत आहे. आत्या, मला तर सरळ दिसतंय."

"तुला नेहमीच सरळ दिसतं," आत्या म्हणाली. "आधी चांथीला बोलव."

३

चांथी आली ती ताठ मानेने. रडली असणार, पण तोंड धुऊन आली होती. आत्याने तिला खुर्ची दिली आणि इंग्रजीतच विचारलं, "पिशवी कोणी भरली?"

"आम्ही सगळ्यांनी. लाल धागा माझ्या हाताने बांधला." ती थांबली. "मॅडम, मला एक विचारायचंय. ताटात तांदूळ ओतला तेव्हा लोंबी कुठे पडली?"

"कसली लोंबी?"

"माझी आई गिरणीवर होती तेव्हापासूनची आमची रीत आहे. नव्या हंगामाचा पहिला तांदूळ बाहेर जातो त्यात त्याच शेतातली एक लोंबी ठेवायची. पिवळ्या दोऱ्याने बांधून, अगदी तळाशी. म्हणजे जो खाईल त्याला कळतं की तांदूळ झाडावरून आलाय, कारखान्यातून नाही. क्षिप्राला मी फोटोही पाठवला होता."

मी फोन काढला. बुधवारचा फोटो होता. लाल धागा बाजूला पडलाय, पिशवीचं तोंड उघडं आहे आणि कोणाचा तरी हात तळाशी लोंबी ठेवतोय. मी त्यावर हसरा चेहरा पाठवला होता आणि विसरून गेले होते.

"शुक्रवारी लोंबी पडली का?" आत्याने मला विचारलं.

मी आठवून बघितलं. निम्मी पिशवी ओतली होती, निम्मी तशीच होती. तळ कोणी बघितलाच नव्हता.

आत्या उठली आणि पँट्रीत गेली. मी मागे धावले. कपाटात मायलोच्या डब्यामागे दोन्ही पिशव्या होत्या. आत्याने लाल धागा सोडला, उरलेला तांदूळ ताटात ओतला आणि बोटांनी पसरला. लोंबी नव्हती. मग तिने निळ्या धाग्याच्या पिशवीकडे हात नेला.

४

निळी पिशवी उघडताच मला वास आला. पांडनच्या पानांचा असतो तसा, आपल्या आंबेमोहोराच्या जवळ जाणारा. आत्याने तांदूळ ताटात ओतला. शेवटच्या मुठीबरोबर एक लोंबी घरंगळत बाहेर आली, पिवळ्या दोऱ्याने बांधलेली.

थेंब आत्यानेच टाकले. नळी हिरवीगार झाली.

मी नळी घेऊन क्वेकांकडे धावले. माझ्या मते खटला तिथेच निकालात निघाला होता. चांथीने बरोबर तांदूळ आणला होता, इथे कोणीतरी फक्त दोन्ही पिशव्यांचे धागे अदलाबदल केले होते. क्वेकांनी फोटो बघितला, लोंबी बघितली, नळी बघितली.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "तिने फसवलं नाही असं मी मानतो. पण तुमच्या ऑफिसात कोणीतरी माझ्या मालाला हात लावला. मग या निळ्या पिशवीवर तरी मी विश्वास का ठेवू? त्यात आणखी काय केलंय, मला काय माहीत?"

"मग काय करायचं?"

"हे कोणी केलं आणि का केलं ते मला तीनच्या आत सांगा. कळलं तर मी हीच पिशवी शिजवतो. नाहीतर पाकीट नंबर तीन आहे तसं शिजेल, जुना भात म्हणून. कॅनॉट चेंज, लाह," ते इथल्या इंग्रजी ढंगात म्हणाले. "बाकीच्या चार गिरण्यांना मी काय तोंड दाखवू?"

साडेअकरा झाले होते.

५

मी तुनला फोन करून बोलावलं आणि आत्याने तोंड उघडायच्या आत त्याच्यावर तोफ डागली. तो गुरुवारी पँट्रीत कशाला गेला होता, किती वेळ होता, धाग्यांना हात लावला की नाही. चाळिशीचा शांत माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"पाणी प्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "सात वाजले असतील. अश्विन बाहेर फोनवर होता, प्रबोध टेबलापाशी. भाताचा विजेचा कुकर चालू होता. पँट्रीत नव्या तांदळाचा वास कोंदला होता, माझ्या आजीच्या घरी कापणीनंतर यायचा तसा." तो किंचित हसला. "हा चांथीचा तांदूळ असणार हे मी तिथेच ओळखलं, आणि मी हरणार हेही. घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंसुद्धा. मिस क्षिप्रा, आमच्या गिरणीलाही अजून वाळवणयंत्र मिळायचंय. ती जिंकली तर पुढच्या वर्षी आमची पाळी येईल असं मला वाटतं. एक दार उघडलं की दुसरं उघडतं."

मला इतकी लाज वाटली की मी खाली बघून माफी मागितली. आत्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"गुरुवारी संध्याकाळी कुकर चालू होता," ती पुटपुटली. "कोणाचा?"

ऑंग आंटी भांडी मांडत होत्या. त्यांना कुकर म्हणताच त्या उसळल्या. "शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर ओट्यावर खळ वाळलेली. झाकणातून उतू गेलं होतं. इतकं पाणी कोण घालतं? बोटाचं एक पेर वर, बास. सगळ्या सिंगापूरला माहीत आहे."

"कुकरमध्ये भात होता?"

"कुकर धुतलेला, पण नीट नाही. भात फ्रीजमध्ये होता, एक वाडगं. छान मोकळा, दाणा न् दाणा वेगळा. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेला, मी म्हटलं वाया कशाला घालवू. दुपारी अंडं घालून फ्राइड राइस केला. सगळ्यांनी खाल्ला. अश्विनने दोनदा घेतला. प्रबोधने फक्त नाही घेतला, त्याचा दहीभाताचा डबा होता."

आत्याने एवढं ऐकलं आणि वजनकाटा मागितला.

६

लाल पिशवीत एक किलो उरायला हवा होता. भरला साडेआठशे ग्रॅम. निळीत पूर्ण दोन किलो हवा होता, तिला तर कोणी हातही लावला नव्हता. भरला एक किलो साडेआठशे. दोन्हीकडे दीडशे ग्रॅमची घट, अगदी सारखी. आत्याने कुकरबरोबर येतं ते प्लास्टिकचं माप घेतलं, शिगोशीग भरलं आणि काट्यावर ठेवलं. दीडशे ग्रॅम.

"सगळ्यांना बोलव," ती म्हणाली. "क्वेकना पण."

पावणेदोन वाजले होते. टेबलाभोवती क्वेक, अश्विन, तुन, चांथी, प्रबोध आणि ऑंग आंटी. आत्या उभी राहिली. बंदरावर ती कप्तानांसमोर अशीच उभी राहत असणार.

"धागे बदलले ते कोणाचं वाईट करायला, असं आपण सकाळपासून धरून चाललोय," ती म्हणाली. "माझंही आधी तेच मत होतं. पण ज्याला चांथीचा तांदूळ बुडवायचाय तो काय करेल? नवा तांदूळ घेऊन जाईल, फेकून देईल. हा मात्र कपाटात जिथल्या तिथे आहे, लोंबीसकट. बुडवणाऱ्याला तो जपून ठेवायचं काय कारण?"

तिने वजनकाटा पुढे सरकवला.

"दुसरं. दोन्ही पिशव्यांतून एकेक माप तांदूळ काढला गेलाय. म्हणजे कोणीतरी दोन्ही शिजवले, एकामागून एक, आणि ताडून बघितले. ज्याला नवा कुठला आणि जुना कुठला ते माहीत आहे, त्याला शिजवून बघायची गरज नाही. तुन नुसत्या वासावर ओळखतो. अश्विनने पंधरा वर्षं हेच केलंय. चांथीचं तर विचारूच नका. शिजवला तो अशा माणसाने, ज्याला तांदळातलं कळत नव्हतं पण कुठला चांगला हे मनापासून जाणून घ्यायचं होतं."

"मग त्याने चांगला सोडून वाईट का निवडला?" क्वेक म्हणाले.

"कारण त्याला जुनाच चांगला वाटला." आत्याने क्वेकांकडे बघितलं. "तुमच्याकडे नव्या तांदळाला मान. मऊ, ओलसर, सुवासिक. आमच्या महाराष्ट्रात घरोघरी उलटं. तांदूळ वर्षभर मुरवतात. जुना तांदूळ म्हटलं की दुकानदार चार शब्द जास्त बोलतो. भात कसा हवा, तर मोकळा. आणि पाणी घालायचं एकास दोन. चांथीच्या नव्या तांदळात एकास दोन पाणी घातलं तर काय होईल, आंटी?"

"खळ," ऑंग आंटी म्हणाल्या. "ओट्यावर होती ती."

"गिचका. आणि जुना तेवढ्याच पाण्यात होईल छान फडफडीत. आता आमच्या घरात एखादा माणूस हे दोन भात समोर ठेवून बसला, तर तो काय म्हणेल? धागे चुकीचे बांधले गेलेत. चांगला तांदूळ निळ्यात गेलाय. उद्या बिचारीची पंचाईत होईल." आत्याचा आवाज खाली आला. "मोकळा भात त्याने फ्रीजमध्ये ठेवला. गिचक्याचं मराठी माणूस काय करतो ते मला माहीत आहे. मी नाव घेणार नाही. ज्याने भल्यासाठी केलं त्याने स्वतः सांगावं. मी पाच मिनिटं थांबते."

मला तेव्हाच दहीभाताचा डबा आठवला. आणि आणखीही एक आठवलं. गुरुवारी सात वाजता मला दोन मिस्ड कॉल आले होते. हॉकर सेंटरच्या गोंधळात मी घेतले नाहीत. शुक्रवारी सकाळी विचारलं तर उत्तर मिळालं, काही नाही, जमलं.

पाच मिनिटं लागली नाहीत. प्रबोध उठला.

७

प्रबोध पुण्याचा. आधी बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचा, ती नोकरी गेली आणि चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे आला. एम्प्लॉयमेंट पासवर आहे, म्हणजे नोकरी गेली की देश सोडायचा. मुलगी जाई पहिलीत. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मी चार महिने या तांदळाचे आकडे भरतोय," तो म्हणाला. "ओल किती, तुकडा किती. एकदा खाऊन बघावा असं वाटलं. एकेक माप लावला, पाणी घरी घालतो तसंच. लाल पिशवीतल्याचा लगदा झाला. मी घाबरलो. क्षिप्राला दोनदा फोन केला, लागला नाही. मग आईला केला पुण्याला. ती म्हणाली, अरे तो नवा आहे, वर्षभर मुरू दे. पाहुण्यांना नवा तांदूळ कोण वाढतं? मला वाटलं घाईत धागे उलटे बांधले गेलेत. मी फक्त सरळ केले."

"नियमांचा कागद?" अश्विनने विचारलं.

"वाचला नव्हता. मला गुणांचा तक्ताच करायचा होता." त्याने चांथीकडे बघितलं. "आज सकाळी नळी नारिंगी झाली तेव्हा कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पास जाईल, जाईची शाळा जाईल, असं काय काय डोक्यात आलं आणि तोंडच उघडेना. तुम्ही रडत होतात आणि मी गप्प बसलो. याची मला फार शरम वाटते."

"तो फोन मी घेतला असता तर यातलं काहीच झालं नसतं," मी म्हणाले. "कागदावर काही लिहायचं असेल तर माझंही नाव लिहा. आणि त्याची नोकरी माझ्या हातात आहे, ती कुठे जात नाही."

चांथी प्रबोधकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर मी समजू शकले असते. "तुम्ही आमच्यासाठी रात्रीचं जेवण सोडून दोनदा भात लावलात?" ती म्हणाली.

"हो."

"आकडे भरणाऱ्यांपैकी कोणी आजवर आमचा तांदूळ खाल्ला नव्हता," ती म्हणाली आणि आता मात्र तिचे डोळे भरून आले.

क्वेक घड्याळाकडे बघत होते. आम्ही सगळे त्यांच्याकडे.

"कोणी ते कळलं. का तेही कळलं," ते म्हणाले. "इतकं वेडगळ कारण कोणी बनवून सांगणार नाही. आंटी, कुकर लावा. निळी पिशवी. पाणी तुमच्या बोटाने मोजा."

तीन वाजता स्पर्धकांना नेहमीप्रमाणे बाहेर काढलं. चांथी आणि तुन खाली बाकावर शेजारी शेजारी जाऊन बसले. आत पाच वाडगी आली. झाकणं निघाली आणि मधल्या वाडग्यातून तो वास सबंध खोलीत पसरला. अश्विन मान खाली घालून गुण देत होता, पण त्याचा चमचा तीन नंबरकडे चार वेळा गेला. मी मोजलं. क्वेकांनी प्रत्येक वाडग्यातला एक घास घेतला. तिसऱ्यातला घेतला, थांबले, आणि वाडगं पुढे ओढून रिकामं केलं.

मग त्यांनी तो सकाळचा कागद काढला. 'जुना माल, नवा म्हणून दिला' या ओळीवर आडवी रेघ मारली, रेघेखाली सही केली आणि म्हणाले, "दोन कंटेनर, पहिल्या हप्त्यात. पिशवीवर त्यांच्या गिरणीचं नाव. बोलवा त्यांना."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. चांथीला काय सांगितलं ते आठवत नाही, ओरडले असेन. तुनने आधी तिचं अभिनंदन केलं आणि मग माझ्याकडे वळून वाळवणयंत्राचा अर्ज कुठे मिळतो ते विचारलं. मी त्याला वर ऑफिसात घेऊन गेले आणि अर्ज हातातच दिला.

स्वयंपाकघरात आलो तर ऑंग आंटी कोणी न सांगता कढई तापवून बसल्या होत्या. फोडलेलं पाकीट नंबर तीन वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांनी तोही भात केला होता, आणि आता अंडं, कांद्याची पात घालून परतत होत्या. क्वेकांना त्यांनी न विचारता बशी दिली. क्वेकांनी उभ्याउभ्याच खाल्लं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हा कुठला?"

"बाद झालेला," आंटी म्हणाल्या. "माझी बहीण यिशुनला फ्राइड राइसचा स्टॉल चालवते. असा मोकळा तांदूळ शोधून थकली. नवा तांदूळ कढईत चिकटतो, लाह."

क्वेक चांथीकडे वळले. "हा मागच्या वर्षीचा किती शिल्लक आहे?"

चांथी ओशाळली. "चाळीस टन. कोणी घेत नाही म्हणून बदकांना घालणार होतो."

"बदकांना दुसरं काहीतरी घाला," क्वेक म्हणाले. "माझ्याकडे दोनशे स्टॉलवाले आहेत."

आत्याने तेवढ्यात माझ्या बशीतला घास हुंगला आणि पसंतीची मान हलवली. चांथी हसत होती, रडत होती, आणि निळा धागा बोटाला गुंडाळत होती. पिवळ्या दोऱ्याची लोंबी तिने उचलून प्रबोधच्या तक्त्यांच्या वहीत ठेवली.

त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि तो स्पीकरवर लागला, हात चिकट होते म्हणून असेल.

"काय रे," पलीकडून आईचा आवाज आला, "झाली का ती तुमची स्पर्धा? मुरलेलाच दिलास ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. प्रबोधने चांथीकडे बघितलं, क्वेकांच्या रिकाम्या बशीकडे बघितलं.

"हो आई," तो म्हणाला. "तोही खपला."